वडिलांना हॉस्पिसमध्ये ठेवावं का? (वारजे, वांद्रे किंवा इतर कुठलेही अनुभव सांगा)

मृण्मयी_कोथरूड (सोमवार, रात्री ११.१०)

थेट मुद्द्यावर येते. नाना (माझे वडील, वय ७४) यांना तोंडाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, वर्षभर बरं गेलं. आता गळ्यापाशी परत गाठ आली आहे आणि फुफ्फुसातही पसरलंय. मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता केमोने त्रासच वाढेल, घरी न्या आणि काय खावंसं वाटेल ते द्या. नाकातून नळी घातलेल्या माणसाला काय खावंसं वाटणार, हे विचारायचं सुचलं नाही.

घरी आई, सत्तरीची, गुडघे गेलेले. मी आणि नवरा दोघंही नोकरीवाले, मुलगी बारावीला. नानांचं दुखणं रात्री वाढतं. गालाची जखम उघडी आहे, तिला वास येतो. ब्यूरोच्या दोन बायका आल्या आणि गेल्या. दुसरी तर न सांगताच गेली.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी वारजेचं सिप्ला सेंटर सुचवलं, म्हणजे बरं न होणाऱ्या कॅन्सर पेशंटचं दुखणं सांभाळणारं हॉस्पिस. मी तयार आहे. आई काहीच बोलत नाही. बंगळूरचा दादा फोनवर भडकला, "नानांना मरायला सोडून येणार का?" म्हणाला.

तर, कुणी तिथे राहिलंय का? एकदा नेलं की परत आणता येतं का? आपल्यापैकी कुणाला सोबत राहू देतात? आणि नानांना अजून आम्ही "इन्फेक्शन आहे, बरं होईल" असंच सांगतोय, तर तिथे नेताना काय सांगायचं?

सदू_सोलापूरकर

ताई, वाचून पोटात कालवलं. अनुभव नाही, पण धागा वर ठेवतो. रात्रीचं दुखणं आहे म्हणता, त्याला आत्ता काय देताय ते लिहा. इथे डॉक्टर मंडळी आहेत.

परंपरावादी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्याकडे माणूस आपल्या घरात, आपल्या माणसांच्या मांडीवर डोकं ठेवून जातो. हे हॉस्पिस वगैरे तिकडचं. त्यांच्याकडे घरात माणसंच नसतात म्हणून त्यांना लागतं. तुमच्या दादाचं बरोबर आहे.

मेधाकाकू

परंपरावादी, मांडी कुणाची? मृण्मयीच्या आईची, जिचे गुडघे गेलेत? सोमवारपासून दादाची चालेल, त्याला रजा टाकून यायला सांगा.

मृण्मयी, आता कामाचं. माझ्या सासूबाई वारजेला होत्या, त्यांचा स्तनाचा कॅन्सर मणक्यात गेला होता. सेंटर १९९७ पासून चालू आहे, हायवेजवळ. सगळं मोफत. राहणं, औषधं, ड्रेसिंग, जेवण. मी बिलाच्या खिडकीवर विचारायला गेले तर तिथे तशी खिडकीच नव्हती! घरचं एक माणूस पेशंटजवळ राहतं, किंबहुना ते राहावं असाच त्यांचा आग्रह असतो. त्याचं कारण मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं. सिस्टरने मला जवळ उभं करून कूस बदलायला शिकवलं, पाठीला जखम होऊ नये म्हणून उशा कुठे लावायच्या ते दाखवलं, नळीतून पातळ किती आणि किती सावकाश द्यायचं, तोंड आतून कसं पुसायचं, सगळं माझ्याच हातून करून घेतलं.

आणि हो, परत आणता येतं. आम्ही आणलं. तिथे कायमचं ठेवून घेत नाहीत. दुखणं, उलट्या, दम, जखम, जे काही आहे ते आटोक्यात आणतात, घरच्यांना तयार करतात आणि घरी पाठवतात. परत बिघडलं तर परत जायचं. सासूबाई मधले दोन महिने घरी होत्या, त्यात नातवाचा साखरपुडा झाला, त्यांनी खुर्चीत बसून ओवाळलं. शेवटी मात्र परत तिथेच गेलो, त्यांनीच "चला तिकडे" म्हटलं.

पाटीवाला

पुण्यात, मोफत, चांगलं, आणि नातेवाइकांना सूचना देणारी पाटी नाही? काकू, नक्की पुण्यातच होतात ना? (हलके घ्या.)

मेधाकाकू

पाटी होती हो. मोबाइल हळू बोला म्हणून. 😄

गोळीवाला_डॉक्टर

मी पॅलिएटिव्हचा (बरा न होणारा आजार असलेल्यांचा त्रास कमी करणारा) डॉक्टर नाही, साधा फिजिशियन. पण ते शिकायला तिथे काही दिवस काढलेत, म्हणून लिहितो.

मृण्मयी, नानांना ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल चालू असणार, आणि तेही "दुखलं तर द्या" असं सांगितलेलं असणार. पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्याला तेवढं पुरत नाही. तिथे बहुतेक मॉर्फिन सुरू करतील. गोळी तोंडाने, किंवा कुटून नळीतून. साधी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी घड्याळाप्रमाणे, दुखायची वाट न बघता. मध्येच कळ आली तर वरचा एक डोस. सोबत जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण बद्धकोष्ठता ठरलेली. सुरुवातीचे दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ, मग ती उतरते.

आता प्रश्न येईलच म्हणून आधीच सांगतो. "मॉर्फिन म्हणजे शेवट" हा समज चुकीचा आहे. मॉर्फिन दुखण्यासाठी देतात, माणसाला लवकर घालवण्यासाठी नाही. नीट मात्रेत दिलं तर श्वास थांबत नाही, उलट दम लागलेल्याला थोडा आराम पडतो. आणि ७४ वर्षांच्या, कॅन्सर पसरलेल्या माणसाला व्यसन लागेल ही काळजी नातेवाईक करतात, तेव्हा मला काय बोलावं सुचत नाही.

जखमेच्या वासाबद्दल. वास येतो तो जखमेतल्या विशिष्ट जंतूंमुळे. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड करून ड्रेसिंगच्या वेळी जखमेवर टाकतात. स्वस्त औषध आहे, काही दिवसांत फरक पडतो. तुमच्या डॉक्टरांना विचारून हे उद्याच सुरू करता येईल, वारजेचा निर्णय होईपर्यंत थांबू नका. वासामुळे माणसं खोलीत यायची थांबतात आणि पेशंटला ते कळतं.

सदू_सोलापूरकर

डॉक्टर, मग हे मॉर्फिन आमच्या सोलापुरात केमिस्टकडे मागितलं तर तो माझ्याकडे चोरासारखा का बघतो?

गोळीवाला_डॉक्टर

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे. तस्करी थांबवायला केलेला कायदा, पण एका हॉस्पिटलला मॉर्फिन आणायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा यायचा नाही. दवाखान्यांनी ठेवणंच सोडलं. डॉक्टरांच्या दोन पिढ्या मॉर्फिन न लिहिता निवृत्त झाल्या. गंमत म्हणजे मॉर्फिन ज्या अफूपासून बनतं तिची कायदेशीर शेती आपल्याकडे होते, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात, आणि त्यातली बरीचशी अफू परदेशी औषधांसाठी जाते.

२०१४ मध्ये कायदा सुधारला. आता मान्यताप्राप्त संस्थेला एकच परवाना लागतो. पण भीती कायद्यापेक्षा हळू जाते. म्हणून कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळणार नाही, मान्यता असलेल्या केंद्रातूनच मिळेल.

लीड्सची_लीला

मी इंग्लंडमध्ये एका हॉस्पिसमध्ये नर्स आहे, मूळची मिरजेची. परंपरावादींना एवढंच सांगते की "तिकडचं" म्हणावं इतकं ते जुनं नाही. आजच्या अर्थाचं पहिलं हॉस्पिस, सेंट ख्रिस्तोफर्स, दक्षिण लंडनमध्ये १९६७ साली निघालं. काढणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स, मग पाठ गेली म्हणून समाजसेविका आणि मग तिशी उलटल्यावर डॉक्टर झाल्या. कारण त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मरणाऱ्यांना खरं तर डॉक्टरच टाकून जातात. त्यांची तळमळ सुरू झाली ती १९४८ मध्ये वारलेल्या एका पोलिश ज्यू पेशंटमुळे. घरदार नसलेला माणूस, त्याने जाताना पाचशे पौंड ठेवले, तू बांधशील त्या घरात मी एक खिडकी होईन म्हणून. ते घर उभं राहायला पुढे एकोणीस वर्षं लागली. साँडर्सबाई स्वतः २००५ मध्ये तिथेच गेल्या.

आणि इथे सगळं सरकार देतं असंही नाही. पेशंटला एक पैसा पडत नाही, पण हॉस्पिसच्या खर्चाचा साधारण तिसरा हिस्साच सरकारकडून येतो. बाकी देणग्या आणि जुन्या कपड्यांची, कपबशांची दुकानं. आमच्या दुकानात मी स्वतः एक पैठणी विकली आहे. घेणाऱ्या बाईने तिचे पडदे शिवले!

पाटीवाला

पैठणीचे पडदे?? हा खरा सांस्कृतिक ऱ्हास. परंपरावादी, इकडे लक्ष द्या.

वांद्रेकर_बाबल्या

आपल्याकडेही ते लगेच आलं हो. वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. देशातलं पहिलं हॉस्पिस म्हणून ओळखलं जातं. डॉ. एल. जे. डिसोझा या कॅन्सर सर्जननी काढलं, तेही पूर्ण मोफत, जात-धर्म न बघता. पुढे दिल्लीला आणि गोव्यात लोटलीलाही शाखा झाल्या. आमचा एक काका वांद्र्याला होता. मालवणचा माणूस, समोर समुद्र दिसला तेव्हा पहिलं वाक्य, "बरां झाला, भरती-ओहोटी तरी कळात." नन्स सेवा करतात, संध्याकाळी प्रार्थना, पण काकांच्या उशाशी रामेश्वराचा फोटो होता तो कुणी हलवला नाही.

तिथे फक्त कॅन्सरचे, आणि उपचार संपलेले पेशंट घेतात. कॅन्सर हॉस्पिटलची कागदपत्रं लागतात.

परंपरावादी

मी सेवेला नावं ठेवलीच नाहीत. माझं म्हणणं वेगळं आहे. अशी सोय झाली की घरचे हात वर करायला मोकळे होतात. आज हॉस्पिस, उद्या वृद्धाश्रम.

चिकित्सक

परंपरावादींशी पहिल्यांदाच अर्धा सहमत. वरची दोन्ही ठिकाणं धर्मादाय आहेत म्हणून चांगली. पण आता "पॅलिएटिव्ह केअर" अशी पाटी लावून बंगल्यात सहा खाटा टाकणारे निघालेत. माझ्या मेव्हण्यांना अशाच एका ठिकाणी ठेवलं होतं. महिन्याला साठ हजार, मॉर्फिनचं लायसन्स नाही, डॉक्टर "व्हिजिटिंग", आणि रात्री दम लागला की अँब्युलन्स बोलावून सरळ आयसीयू. मग वेगळं काय केलं? जायच्या आधी तीन गोष्टी विचारा, मॉर्फिन आहे का, रात्री कोण असतं, आणि शेवटची लक्षणं दिसली तर ते काय करतात. तिसऱ्या प्रश्नाला माणूस गडबडला तर उठून या.

विम्यातूनही बहुतेक वेळा यातलं काही मिळत नाही. आयसीयूचे चार लाख कंपनी देते, पण साठ हजारांच्या खाटेला "उपचार नाहीत" म्हणून नकार.

वऱ्हाडी_ठेचा

नागपुरात स्नेहांचल आहे ना जी. मोफत. माझ्या मित्राचा बाप होता तिथे. बाप म्हणजे काय, पेन्शनर, सिंचन खात्यातला. नोव्हेंबर लागला अन् त्याचा एकच घोर, हयातीचा दाखला! पोरगा म्हणे बाबा राहू द्या. बाप म्हणे, "मी जिवंत असून सरकारनं मले मेलेला धराव का?" बोटं इतकी वाळलेली की ठसा लागेना. शेवटी ते चेहऱ्यावरून करायचं अ‍ॅप आलंय त्यावर केलं, सिस्टरनं मोबाइल धरला, म्हणे बाबा डोळे मिटून उघडा. झाला दाखला. अख्ख्या वॉर्डाले पेढे वाटले त्यानं. डिसेंबरात गेला, पण कागदोपत्री पक्का जिवंत होऊन गेला.

मेधाकाकू

ठेचा, हसू की रडू! 😂😢

एडिसनकर

अमेरिकेतली बाजू. इथे हॉस्पिस म्हटलं की बहुतेकदा इमारत नसतेच. दोन डॉक्टरांनी "आजार असाच राहिला तर सहा महिने किंवा कमी" असं लिहून दिलं की मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) पैसे देतं. घरी पलंग येतो, ऑक्सिजन येतो, फ्रिजमध्ये ठेवायला मॉर्फिन वगैरेंची छोटी पेटी येते. नर्स आठवड्यातून दोनदा, बाकी सगळं घरच्यांवर. सासरे गेले तेव्हा रात्री तीनला मॉर्फिनचे थेंब जिभेखाली मीच सोडत होतो, फोनवर नर्स. निवासी हॉस्पिस आहेत, पण राहण्या-जेवण्याचा खर्च मेडिकेअर सहसा देत नाही, तो खिशातून.

आणि "हॉस्पिसमध्ये गेला म्हणजे संपला" म्हणणाऱ्यांसाठी, माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर फेब्रुवारी २०२३ मध्ये घरीच हॉस्पिस सेवेत गेले आणि डिसेंबर २०२४ पर्यंत जगले. मध्ये शंभरी साजरी केली, मतदानही केलं.

परंपरावादी

बघा! अमेरिकेतसुद्धा घरीच. मी वेगळं काय म्हणतोय?

एडिसनकर

घरी, पण मॉर्फिनची पेटी आणि नर्स घेऊन. तुम्ही पेटी देत असाल तर माझं अनुमोदन.

केरळात_सासर

हे केरळने मोठ्या प्रमाणावर करून दाखवलंय. कोळिकोडपासून सुरुवात झाली, १९९३ च्या सुमारास, डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी. पुढे गावोगावचे स्वयंसेवक, दुकानदार, रिक्षावाले, शिक्षक घरोघर जाऊ लागले. २००८ मध्ये राज्याने धोरण केलं, पंचायतींवर जबाबदारी टाकली. माझ्या सासूबाईंकडे पंचायतीची नर्स यायची, ड्रेसिंग करायची, आणि शेजारचा मुलगा तांदूळ पोचवायचा, कारण घरातला कमावता माणूस आजाऱ्याजवळ बसला की चूल थांबते हे त्यांना ठाऊक आहे. असं जाळं असेल तर घरीच ठेवा म्हणणं शोभतं.

शिवशंभो_७७

मुळात इतकी ओढाताण कशाला? आपल्याकडे प्रायोपवेशन (अन्न सोडून देह ठेवणं) आहे, जैनांचा संथारा आहे. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध सोडलं आणि शांतपणे गेले. सावरकरांनीही १९६६ मध्ये

संपादक_मंडळ

शिवशंभो, विनोबांपर्यंत ठीक होतं. पुढचा मजकूर आणि त्यावर आलेले एकवीस प्रतिसाद काढले आहेत. राजकारणासाठी वेगळा धागा आहे. मूळ प्रश्न एका मुलीचा तिच्या वडिलांबद्दलचा आहे, कृपया भान ठेवा.

बनारसी_पान

भटकलोच आहोत तर, काशीला मुक्तिभवन आहे, १९५८ पासून. मरायला आलेल्यांना खोली देतात, साधारण दोन आठवडे. भजन आणि गंगाजल आहे, डॉक्टर मात्र नाही. मुदत संपली आणि माणूस टिकला तर खोली सोडावी लागते. त्याला मी हॉस्पिस म्हणणार नाही, दुखणाऱ्या माणसासाठी तिथे काही नाही.

वकीलसाहेब_नगरवाले

प्रायोपवेशनावरून कायद्यात बराच गोंधळ होतो म्हणून थोडक्यात. इंजेक्शन देऊन मारणं आपल्याकडे गुन्हाच आहे. उपचार नाकारणं, व्हेंटिलेटर न लावणं हे वेगळं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात वर्षानुवर्षं भान हरपून पडून असलेल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट उघडली, ९ मार्च २०१८ ला इच्छापत्राला (लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं) मान्यता दिली. पण त्यात न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत होती, कोण जाणार? जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं केलं. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. एक प्रत महापालिकेने किंवा नगरपालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुंबईत डॉ. निखिल दातारांनी यासाठी हायकोर्टात जनहित याचिका केली म्हणून हालचाल झाली.

मृण्मयीताई, नानांची शुद्ध आणि सही शाबूत असेल तर करून घ्या. मग "व्हेंटिलेटर लावायचा का" हे तुम्हा बहीणभावांना आयसीयूच्या दाराबाहेर भांडून ठरवावं लागणार नाही.

मृण्मयी_कोथरूड (मंगळवार, रात्री १०.४५)

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. मेट्रोनिडॅझोल आजच विचारून सुरू केलं. ट्रॅमाडॉलचा अंदाज बरोबर होता डॉक्टर, अगदी "दुखलं तर" सकट.

वकीलसाहेब, सही करायची तर आधी सांगावं लागेल ना. तिथेच अडलंय. आई म्हणते, कळलं तर धीर सोडतील.

ऐकतेय

मी समुपदेशक आहे, कॅन्सर पेशंटच्याच घरांत काम करते. या "सांगू नका"बद्दल लिहायचंच होतं.

वर्षभरापूर्वी ऑपरेशन, शेक, मग परत गाठ, आरशात दिसणारा गाल, आणि एक दिवस अचानक केमोच्या तारखाच बंद. नानांना इन्फेक्शन वाटत असेल? मी एका आजोबांना विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय? ते म्हणाले, "कॅन्सर आहे. पण मुलाला सांगू नका, त्याला सहन होणार नाही." मुलगा दाराबाहेर मला तेच सांगून गेला होता. दोघं एकमेकांना सांभाळत महिनाभर हवापाण्याच्या गप्पा मारत होते.

सांगणं म्हणजे "तुम्ही जाणार" असं तोंडावर फेकणं नाही. त्यांना विचारायचं. त्यांना किती ऐकायचंय हे तेच ठरवतात. "जास्त सांगू नका" म्हटलं तर थांबायचं. ज्यांना कळतं त्यांच्याकडून मग कामाच्या गोष्टी निघतात. कुणाचे पैसे द्यायचेत, कुणाला भेटायचंय, कुणाशी वीस वर्षं अबोला आहे. बँकेतल्या नॉमिनीपासून कुलदेवतेच्या राहिलेल्या अभिषेकापर्यंत. हे काम केंद्रातले लोक करतात, तुम्ही एकटीने करू नका. वारजेला किंवा जिथे न्याल तिथे पहिल्या दिवशीच सांगा की त्यांना माहीत नाही आणि आम्हाला मदत हवी आहे.

आईंबद्दल. गप्प आहेत म्हणजे विरोध आहे असं धरू नका. एकदा दोघीच असताना विचारा, तुला रात्री कशाची भीती वाटते? बायकांचं उत्तर खूपदा "मी एकटी असताना काही झालं तर" हे असतं.

गोळीवाला_डॉक्टर

ऐकतेय यांना +१. शेवटच्या दिवसांबद्दल थोडं लिहितो, कारण आईंच्या भीतीचं तेच कारण असू शकतं. ज्यांना वाचायचं नसेल त्यांनी हा प्रतिसाद ओलांडा.

झोप वाढते. खाणं सुटतं. शरीर बंद होत आलं की भूक लागत नाही, तेव्हा नळीतून जबरदस्तीने ढकललं तर उलटी, ठसका, छातीत पाणी. "उपाशी मारलं" हा आरोप घरात हमखास होतो, तो खरा नाही. ओठ आणि जीभ ओली ठेवायची, कापसाने किंवा चमच्याने थेंब थेंब. गंगाजल पाजायचं तर तेवढंच, ओठ ओले होतील इतकं. हातपाय गार, श्वासात खंड, घशात घरघर. ती घरघर ऐकणाऱ्याला भयानक वाटते, पण सहसा तेव्हा माणसाला जाणीव नसते. एका कुशीवर वळवलं की कमी होते, इंजेक्शनही असतं. ऑक्सिजनपेक्षा चेहऱ्यावर पंख्याचा वारा कधी कधी जास्त कामाचा. हे आधी माहीत असलं की रात्री दोनला १०८ ला फोन जात नाही.

घरी मृत्यू झाला तर नेहमीच्या डॉक्टरांना मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं (नमुना ४अ). ते आधी बोलून ठेवा. ऐनवेळी अनोळखी डॉक्टर सही करत नाहीत आणि स्मशानात अडतं. केंद्रात झाला तर तिथून कागद मिळतात.

वांद्रेकर_बाबल्या

डॉक्टर, नेत्रदान? काकाचं करता आलं नव्हतं, कॅन्सर आहे म्हणून आम्हीच विचारलं नाही.

गोळीवाला_डॉक्टर

बहुतेक कॅन्सरमध्ये बुबुळ देता येतं. रक्ताचा, लसिका ग्रंथींचा किंवा डोळ्याचा असेल तर नाही. सहा तासांच्या आत. पापण्या मिटून ओला कापूस, पंखा बंद, डोक्याखाली उशी, आणि नेत्रपेढीला फोन.

परंपरावादी

एक वैयक्तिक विचारतो. आमच्या आईला पार्किन्सन आहे, वय ८३. आता गिळता येत नाही. मी आणि बायको दोघंच आहोत. वारजेला घेतील का?

पाटीवाला

(विनोद टाइप केला होता. खोडला.)

मेधाकाकू

परंपरावादी, ते मुख्यतः कॅन्सरसाठी आहे. पण आधी हे सांगा, तुम्ही दोघं शेवटचं सलग कधी झोपलात?

गोळीवाला_डॉक्टर

हीच तर अडचण आहे. हॉस्पिस बहुतेक कॅन्सरचीच. पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, निकामी मूत्रपिंड, फुफ्फुसाचे जुने आजार यांचा शेवट जास्त लांब आणि जास्त दमवणारा, पण खाटा अगदी थोड्या. महाराष्ट्राचंही पॅलिएटिव्ह धोरण आहे आणि जिल्हा रुग्णालयांत कक्ष उघडलेत, तिथे आजाराची अट नसते. तुमच्या जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये "पॅलिएटिव्ह केअर विभाग" म्हणून विचारा, काही ठिकाणी घरी भेटीही देतात. कुठल्या जिल्ह्यात आहात ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, ओळखीतून बघतो.

परंपरावादी

सातारा. व्यनि केला. धन्यवाद.

मृण्मयी_कोथरूड (रविवार, दुपारी ४.२०)

अपडेट. दादा शुक्रवारी आला. रात्री मी मुद्दाम त्याला नानांच्या खोलीत झोपायला सांगितलं. सकाळी सहाला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "वारजेला किती वाजता उघडतं?"

काल आम्ही दोघं नुसतं बघायला गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी फाइल बघितली, अर्धा तास बोलल्या, आणि पहिला प्रश्न नानांच्या झोपेबद्दल विचारला. आज सकाळी नानांना सांगितलं की एक जागा आहे, दुखणं कमी करतात, बरं वाटलं की घरी यायचं. बोलता येत नाही त्यांना नीट, पाटीवर लिहितात. त्यांनी लिहिलं, "कॅन्सरवाल्यांची ना? बापट होता तिथे." (बापट म्हणजे त्यांचे ऑफिसातले मित्र, चार वर्षांपूर्वी गेले.) म्हणजे माहीत होतंच. आई उठून आत गेली, मग परत येऊन त्यांच्याजवळ बसली. पुढचं आम्हाला कळलं नाही, दार लावून घेतलं होतं.

उद्या जातोय. आधी दादा सोबत राहणार, मग मी रजा घेते. आईला रोज दुपारी नवरा सोडेल. सोबत काय न्यावं?

मेधाकाकू

पुढून उघडणारे मऊ सदरे, जुन्या धुतलेल्या चादरी, त्यांची स्वतःची उशी, सगळे रिपोर्ट, आधार कार्ड. राहणाऱ्याला शाल, तिथे पहाटे गार असतं. पाटी आणि भरपूर खडू. आणि दादाला सांग, सिस्टर शिकवतील तेव्हा फोनवर मीटिंग घ्यायची नाही.

सदू_सोलापूरकर

रेडिओ ऐकत असतील तर छोटा रेडिओ आणि इअरफोन न्या ताई. नानांना नमस्कार सांगा.

कोल्हापूरची_अंबा

धागा आजच सापडला. इचलकरंजीत मामींना गर्भाशयाचा कॅन्सर, डॉक्टरांनी हात टेकलेत. पुण्याला हलवण्याइतकी ताकद नाही. कोल्हापूर-सांगली भागात मॉर्फिन देणारं कुणी आहे का? दुखणं फार आहे.

गोळीवाला_डॉक्टर

अंबा, आधी कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये (सरकारी रुग्णालयात) पॅलिएटिव्ह ओपीडीची चौकशी करा. पहिल्यांदा पेशंटला न्यावंच लागेल असं धरू नका, रिपोर्ट घेऊन नातेवाईक गेले तरी बरेच डॉक्टर बघून मार्ग सांगतात. मामींना आत्ता कुठल्या गोळ्या, किती वेळाने, ते इथे लिहा. लघवी नीट होते का तेही लिहा, या कॅन्सरमध्ये ते महत्त्वाचं. मी रात्री दहानंतर बघतो.